तांदळात बसलेले देव

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये परवा एक कागद चिकटवलेला दिसला. आवारातल्या गणपतीच्या देवळाचं छत पावसाळ्यात गळत होतं, त्याची दुरुस्ती झाली, आता रविवारी सकाळी मूर्तीचं संप्रोक्षण आहे, सर्वांनी यावं. माझी नात सई सहावीत आहे. तिनं तो कागद मोठ्यानं वाचला, 'संप्रोक्षण'वर दोनदा अडखळली आणि म्हणाली, "आजी, हे काय असतं गं? मोबाईलला विचारू?"

म्हटलं, "मोबाईलला कशाला? हा शब्द आपल्या घरातला आहे."

आमचा मजला चौथा. लिफ्ट थांबली तरी माझं सांगणं काही सुरूसुद्धा झालं नव्हतं. सई दप्तर टाकून खेळायला पळाली आणि मी आपली खिडकीत येऊन बसले. म्हटलं, पोरीला नंतर सांगू, आधी कागदावर उतरवून काढू. माझी शाळा सातवीपर्यंतची. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून आणि वाचनालयातली फाटकी पुस्तकं शिवून झालेलं. तेव्हा शब्द मला पुस्तकातून कमी आणि माणसांकडून जास्त मिळाले. हा शब्द तर मला तिघांकडून मिळून आला, त्यातल्या एकीला लिहिता-वाचताही येत नाही.

खिडकीतून दिसतं ते आताचं बोईसर. समोर पत्र्याची शेडं, मोबाईलचे टॉवर, कुंपणाच्या भिंती. भिंतींच्या मध्ये मात्र एक शेत अजून तग धरून आहे, आणि ते पिवळं झालंय. पाऊस गेलाय. म्हणजे गेला म्हणतो आपण, तो संध्याकाळी एकदा गडगडून जातोच, विसरलेली छत्री न्यायला आलेल्या पाहुण्यासारखा. दुपारी ऊन असं तापतं की डोकं भणभणतं, आणि सकाळी पायाखालचं गवत मात्र ओलं असतं. बोईसरला नवा माणूस आला की त्याला आधी कारखान्यांचा वास येतो. मलाही यायचा, पहिली दोन वर्षं नाकाला पदर लावून काढली मी. पण वर्षातले पंधरा-वीस दिवस असे असतात की दुसराच एक वास त्याला बाजूला सारून घरात शिरतो. कापलेल्या भाताचा. गोडसर, थोडा धुळीचा, थोडा दुधाचा. तो आला की मी जिथं असेन तिथून चाळीच्या त्या खोलीत जाऊन पोचते, आणि माझे हात मोठ्या डब्याचं झाकण शोधायला लागतात.

मी मूळची माणदेशातली. तिथं पाऊस म्हणजे पाहुणा, इथं पाऊस म्हणजे घरजावई. लग्न करून आले तेव्हा आमचे हे इथल्या एका कारखान्यात लागलेले. रुळांपासून थोडं पुढं एक बैठी चाळ होती, तिच्यात आमची खोली. चाळीच्या मागं शेतं, शेतांच्या मागं टेकडीच्या पायथ्याला वारल्यांचा पाडा. सोमी त्या पाड्यावरची. डोक्यावर मोळी नाहीतर पाटी घेऊन चाळीत यायची. माझ्याच वयाची, काटक, हसली की सगळे दात दिसायचे.

आमची ओळख झाली ती माझ्या फजितीवरून. पावसाच्या तोंडावर तिच्या पाटीत शेवळं होती, रानात उगवणारी भाजी. मी जन्मात पाहिली नव्हती. घेतली, कांदा-लसूण घालून परतली, आणि रात्रभर आम्ही दोघं नवराबायको घसा खाजवत बसलो. सकाळी ती दिसल्यावर मी तिच्यावर फणकारले. तिनं पाटी खाली ठेवली आणि पोट धरून हसली.

"अगं बाय, काकडं नाय टाकलीस? काकडं टाकल्याबिगर शेवळं खातं कोण? मंग घसा नाचंलच!"

काकडं म्हणजे आंबट रानफळं, शेवळांची खाज मारणारी. दुसऱ्या दिवशी तिनं ओंजळभर आणून दिली. तेव्हापासून ती मला 'बाय' म्हणते आणि अरे-तुरे करते. पाड्यावर अहो-जाहो नसतंच. पहिल्यांदा कानाला टोचलं, खोटं कशाला बोलू. नंतर त्यातली माया कळली.

आता देवांचं सांगते. आमच्याकडं कुळाचे देव चांदीच्या टाकांवर असतात. बोटभर लांबीचे पाच पत्रे, त्यावर ठसा उमटवलेला. घोड्यावरचा खंडोबा, भवानी, ज्योतिबा आणि दोन पूर्वजांचे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. मामंजी गेल्यावर त्यांनी टाक आमच्याकडं दिले, धाकट्या सुनेकडं, कारण थोरल्या घरी भांडणं होती. देताना पदरातून सोडलेच नाहीत आधी. म्हणाल्या, "शालन, ह्यांला एक दीस उपाशी ठिवायचं न्हाई. घराला कुलूप घालायची पाळी आली तर धान्यात ठिव. धान्यात देव उपाशी ऱ्हात न्हाई."

मी शब्द दिला. देव धान्यात ठेवायची ही रीत आमच्याकडं घरोघर आहे. गावाला जायचं झालं की डब्यात तांदूळ नाहीतर गहू घालायचे, देव मध्ये निजवायचे, वरून धान्य सारखं करायचं, हळदकुंकू वाहायचं, झाकण लावायचं. परत आलो की देव उठवायचे.

आणि त्या वर्षी पितृपंधरवड्याच्या तोंडावर ह्यांना कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द. मुंबईच्या इस्पितळात न्यावं लागेल असं ठरलं आणि दोन तासांत घर आवरायचं होतं. घरात तांदळाचे दोन डबे होते, एक मोठा, एक धाकटा. कुठं काय ठेवतेय याचं भान नव्हतं. हळदकुंकू वाहायचंही राहिलं. किल्ली सोमीकडं दिली, तुळशीला पाणी घालायला. तिच्या घरातलं धान्य संपत आलंय हे मला ठाऊक होतं. भादव्यात पाड्यावर सगळ्यांचंच संपतं. जुनं भात उरत नाही आणि नवं अजून हिरवं असतं. म्हटलं, "सोमे, मोठ्या डब्यातले तांदूळ डब्यासकट घेऊन जा. नाहीतरी किडेच पडायचे. पोरांना शिजवून घाल."

तिची तीन पोरं होती. ती बरं म्हणाली. आम्ही गेलो.

इस्पितळाच्या बाकड्यावर सहाव्या दिवशी, हातात ह्यांच्या उसाच्या रसाचा पेला असताना, मला लख्ख दिसलं. मी टाक निजवत होते तो डबा, आणि त्याची पोचा आलेली कड. पोचा मोठ्या डब्याला होता!

पेला तसाच हातात राहिला. तुम्हाला हसू येईल, पण माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? देव शिजले असतील. खंडोबा घोड्यासकट पातेल्यात रटरटतोय असं दिसायला लागलं. मग वाटलं, शिजले नसतील तर विकले असतील. चांदी ती. घरात पोरं उपाशी असतील तर कोण नाही विकणार? मग माझीच मला लाज वाटली, पण विचार काही जाईना. ह्यांना सांगायची सोय नव्हती, आधीच अंगात त्राण नाही. फोन तेव्हा कुठले. त्यात इस्पितळाच्या पत्त्यावर आत्याबाईंचं कार्ड आलं, की घटाला मी येते आहे, मुलालाही बघीन. नवरात्रात घट बसतो तो ह्याच टाकांपुढं. देव नाहीत तर घट नाही. आणि घट नाही असं आमच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. दहा दिवस मी त्या बाकड्यावर एकाच वेळी दोन गोष्टी मागत होते, नवरा आणि देव. आणि ज्याच्याकडं मागत होते तोच हरवलेला!

सोळाव्या दिवशी ह्यांना घेऊन घरी आले. घटस्थापनेला दोन दिवस होते. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली, तुळस टवटवीत. आत धाकटा डबा जागच्या जागी, मोठ्याची जागा रिकामी. फळीवर त्याचा गोल डाग तेवढा उरलेला. ह्यांना पडायला लावलं आणि तशीच पाड्याकडं निघाले. बांधाबांधानं चालायचं, दोन्हीकडं भात गुडघ्याच्या वर पिवळं, मध्येच कापलेले भारे. तेव्हा तो वास माझ्या छातीत गेला तो कायमचा.

सोमीची झोपडी कारवीच्या कुडांची, शेणानं सारवलेली. ती शेतात होती. दारात तिची तीन पोरं पानावर काहीतरी पांढऱ्या चकत्या घेऊन खात बसलेली.

"काय खाताय रे?"

"कंद," थोरली म्हणाली.

"भात नाही केला आईनं?"

पोरगी माझ्याकडं अशी बघायला लागली, की जणू मला काही कळतच नाही. "तो भात देवाचा हाय."

मी वाकून आत बघितलं. कोपऱ्यात उपड्या टोपलीवर माझा मोठा डबा, पोचा आलेली कड पुढं. झाकणावर तेरड्याची फुलं. शेजारी बाटलीचा दिवा. आणि वर, आढ्याला भाताच्या नव्या कणसांची जुडी टांगलेली, डब्याच्या बरोबर डोक्यावर येईल अशी. मी दारातच बसले.

तेवढ्यात सोमी आली, हातात विळा. "आलीस बाय? भाऊ बरा हाय?"

"बरा आहे. सोमे, डब्यात..."

"तां काय सांगतेस!" तिनं विळा कुडाला अडकवला. "सुपात घेतलं, पाखडाया लागली, नि टण् करून वाजलं. बघतंय तं घोड्यावरचा देव! मी बोलली, हा बायचा देव हाय. तांदळात बसला हाय. मंग परत बसवला."

"अगं पण तुझ्याकडं दाणा नव्हता. मी तुला खायलाच सांगितलं होतं ना?"

"तू सांगलीस," सोमी म्हणाली. "त्यानं कुठं सांगलं?"

तिचं सरळ होतं. त्यांची कणसरी, म्हणजे धान्याची देवी, तीही दाण्यातच राहते. दाण्यात बसलेल्या देवाला उठवायचं नसतं. घरच्या माणसानं येऊन उठवायचं. तोवर त्याला दिवा लावायचा आणि आपण दुसरं काहीतरी खायचं. ती दुसरं म्हणजे कडू कंद खात होती. तो कच्चा विषासारखा असतो. उकडायचा, पातळ चकत्या करायच्या आणि टोपलीत घालून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचा. पाणी त्याच्यावरून जात राहतं, जात राहतं, आणि कधीतरी कडूपणा निघून जातो. "घाई केली तं जीभ जळते," सोमी म्हणाली. भरलेल्या डब्याशेजारी बसून तिची पोरं तो कंद खात होती. दोन दिवसांपूर्वी तिचं हळवं भात तयार झालं, लवकर येतं ते; झोडपणी अजून व्हायची होती, पण त्याची पहिली मूठ तिनं कणसरीला वाहिली आणि दुसरी माझ्या डब्यावर टांगली होती.

डबा तिनंच डोक्यावर घेतला. मी मागून चालले. वाटेत बोललो काय, आठवत नाही. पण दारात काय झालं ते आठवतं, आणि तेच मला सांगायचंय. ते मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिनं डबा उंबऱ्यावर उतरवला. दारात पाण्याची कळशी होती. माझा हात आपोआप कळशीत गेला आणि मी डब्यावर पाणी शिंपडलं. तीन वेळा. विचार करून नाही. आमच्या माणदेशच्या घरात तसंच बघत आले होते. अमुक माणूस ओसरीवर बसून गेला की जागेवर पाणी शिंपडायचं, तमक्याचा हात लागला की भांड्यावर शिंपडायचं. मनानं जे कधी मान्य केलं नव्हतं ते हाताला पाठ होतं. हात थांबला तेव्हा सोमी माझ्याकडं बघत होती.

"देवाला ऊन लागलं काय, बाय?" तिनं विचारलं.

आणि हसली. नेहमीसारखी, सगळे दात दाखवून. मी पण हसले. "हो गं, लागलं असेल." ती गेली, आणि मी तो ओला डबा पदरानं पुसत राहिले. तिनं खरंच विचारलं, की मला ओळखून विचारलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई आल्या. पिशवीत माणदेशची काळी माती, घटासाठी, फडक्यात बांधून. मुलाला पोटभर बघितलं, तोंडावरून हात फिरवला, आणि मग देव विचारले. मी खोटं बोलू शकले असते. पण सोळा दिवस देवाकडं जीव मागितल्यावर लगेच खोटं बोलायला जीभ वळेना. सगळं सांगितलं. फक्त पाणी शिंपडल्याचं तेवढं गाळलं.

आत्याबाईंचं तोंड काळवंडलं. "परक्याच्या खोपटात सोळा दीस? बाटलं की गं देव! आता शुद्ध करून घेतल्याबिगर घट बसायचा न्हाई. बामण बोलाव."

केळव्याकडचे एक गुरुजी होते, पूर्वी शाळेत शिकवायचे, सायकलवरून यायचे. ते दुपारी आले. ओटीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "याला संप्रोक्षण म्हणतात." तिथं मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. शिक्षक ते, फोड करूनच सांगणार. उक्षण म्हणजे शिंपडणं. त्याला 'प्र' लागला की प्रोक्षण, मंत्रानं शिंपडणं. आणि 'सं' म्हणजे नीट, सगळ्या बाजूंनी. मूर्तीची पूजा खंडली, मूर्ती चोरीला जाऊन परत आली, देऊळ पडून पुन्हा बांधलं, आगीची झळ लागली, अशा वेळी दर्भानं आणि आंब्याच्या पानानं कलशातलं पाणी शिंपडून तिचं पावित्र्य पुन्हा जागं करायचं. "नवं प्राण घालणं नव्हे हं," ते म्हणाले. "प्राण असतातच. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पाणी मारतो ना आपण, तसं." पुढं एकदा मी हा शब्द कोशात बघितला, पण गुरुजींइतका चांगला अर्थ तिथं नव्हता.

मग त्यांनी मांडामांड केली आणि विचारलं, "संकल्पात कारण म्हणावं लागतं. कारण काय म्हणू? पूजा किती दिवस खंडली?"

नेमकी तेव्हाच सोमी दारात आली. घटाला झेंडूची फुलं लागतात हे तिला ठाऊक होतं, पाटी भरून आणली होती. ती पायरीखाली उभी राहिली. गुरुजींनी तिलाच विचारलं, "काय गं, तुझ्याकडं होते ना देव? पूजा झाली का?"

"पूजा मला येत नाय. दिवा रोज लावली. सकाळचं पानी दाखवली, फूल घातली. निवद तेवढा नाय जमला, आमचं भात पिकलं नव्हतं. पिकलं तवा मूठ दिली."

"डब्यात तांदूळ हुतं की पायलीभर," आत्याबाई ठसक्यात म्हणाल्या. "त्यातलंच मूठभर शिजवून दावायचं!"

"देवाखालचं कसं काढू, आत्या?"

"मग पोरांनी काय खाल्लं?" गुरुजींनी विचारलं.

"कंद."

आत्याबाई फडक्यातली माती उगाच चिवडायला लागल्या. का, हे तिथं मला एकटीला ठाऊक होतं. एका दुष्काळात, आमचे हे दोन वर्षांचे असताना, त्यांनी घटावरच्या टाकांखाली पसरलेले मूठभर गहू आठव्या माळेला हळूच काढून घेतले होते. दळले, आणि लेकराला भाकरी केली. तो अपराध त्यांनी मला एकदा, भांडी घासता घासता, भांड्याकडंच बघत सांगितला होता. आईनं काढले ते बरंच केलं असं मी म्हटलं होतं, पण त्यांना ते पटलं नव्हतं. आता समोर एक बाई उभी होती, तिचीही लेकरं भुकेली होती, देवही तिचा नव्हता, आणि तिनं काढले नव्हते.

"काय म्हणू कारण?" गुरुजींनी पुन्हा विचारलं. "खंड पडला म्हणू? तो तर पडला नाही. चोरीला गेले म्हणू? गेले नाहीत. मग पाणी शिंपडायचं कशासाठी?"

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "म्हणा," त्या म्हणाल्या, "सुनेच्या डोक्यातनं चूक झाली, आन् सासूच्या तोंडातनं."

गुरुजी मोठ्यानं हसले. संस्कृतात त्याचं काय केलं कोण जाणे, पण काहीतरी म्हणाले खरे. तांदूळ बाजूला सारून टाक उठवले, ताम्हनात ठेवले, शिंपडले. उरलेलं पाणी घरच्या माणसांवर शिंपडायचं असतं. त्यांनी आंब्याचं पान उचललं तशा आत्याबाई ओरडल्या, "थांबा जरा. अगं ये की आत! भाईर उभी ऱ्हाऊन पानी कसं लागंल तुला?" आणि सोमीचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत ओढलं. थेंब आम्हां तिघींवर एकदमच पडले.

त्या दुपारी डब्यातले ते तांदूळ आत्याबाईंनी स्वतः निवडले, स्वतः शिजवले. मला हात लावू दिला नाही. देवाला नैवेद्य दाखवला, आणि तेच ताट उचलून पाड्यावरून बोलावलेल्या सोमीच्या पोरांपुढं ठेवलं. पोरं जेवत असताना त्या समोर बसून राहिल्या, वाढत राहिल्या. थोरलीनं तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा त्यांनी डोळे टिपले आणि मला म्हणाल्या, "धूर झालाय गं." चूल कुठली, आमच्याकडं स्टोव्ह होता.

तो घट जसा उगवला तसा पुन्हा नाही उगवला. माणची माती आणि पालघरचा दमट वारा, अंकुर वीतभर झाले, पिवळे धमक. हे बरे झाले. आत्याबाई त्यानंतर दहा वर्षं जगल्या, आणि दर आश्विनात गावाहून पत्रात विचारायच्या, सोमीचं नवं भात आलं का. कारण तेव्हापासून आमच्या घरात एक रीत पडली आहे, दुसऱ्या कुणाच्या घरात मी पाहिली नाही. सोमी नवे तांदूळ आणते, आणि घटाच्या आदल्या दिवशी आमचे देव एक दिवस त्या तांदळात बसतात. आम्ही म्हणतो, देव माहेरी गेले.

शब्दाचं मात्र मी नंतर पुष्कळ बघितलं. दातिवऱ्याची एक मासळीवाली माझ्याकडं यायची. तिच्या घरची माणसं पावसानंतर होडी पुन्हा पाण्यात लोटताना नारळ फोडतात आणि त्याचं पाणी नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, शिंपडतात. तिला विचारलं, याला काय म्हणता? म्हणाली, "काय म्हणाचा? बिचारी तीन महिने एकटी पडली होती, तिला बोलवतो." पाड्यावरचा भगत आजाऱ्यावर पाणी शिंपडतो. आणि आमच्या लहानपणच्या ओसरीवरही पाणीच शिंपडायचे, माणसाला दूर ठेवायला. पाणी तेच, हात तोच. एकानं बोलवायचं आणि एकानं हाकलायचं. म्हणून मला वाटतं, कारण काय म्हणू, हे गुरुजींनी विचारलं ते मंत्रापेक्षा मोठं होतं. त्या दिवशी आत्याबाईंनी माझी चूक विसराळूपणाची म्हणून संकल्पात घातली. माझी खरी चूक कळशीत हात घातल्याची होती. ती संकल्पात आलीच नाही. पाणी अंगावर पडलं, पण त्या चुकीवर नाही पडलं.

आता आमच्याकडं काय कमी आहे? ह्यांची तब्येत खुटखुटीत आहे, सकाळी फिरून येतात. मुलाचं बरं चाललंय. चाळ जाऊन इमारत झाली. पाड्याचं निम्मं शिवार कुंपणात गेलं, पण सोमीचा टेकडीखालचा तुकडा आहे, आणि तिची ती थोरली, भात तिसऱ्यांदा मागणारी, आता कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये शेकडो माणसांना भात वाढते. मला कधी कधी वाटतं, माझ्या अंगावर या मुलखाचे इतके उपकार आहेत की नुसती यादी करायला बसले तरी आश्विन संपेल.

काल सोमी आली. रिक्षातून, थोरलीच्या मुलीला सोबत घेऊन. गुडघे गेलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण मांडीवर फडक्यात बांधलेले नवे तांदूळ. लिफ्टला ती अजून भिते, डोळे मिटून उभी राहते. मी देव ताम्हनात घेतले होते, नव्या तांदळात निजवायच्या आधी. तांब्यातलं पाणी बोटांनी त्यांच्यावर शिंपडलं, रोजच्यासारखं. ती भिंतीला टेकून खाली बसली होती, चहाची बशी हातात.

"देवाला ऊन लागलं काय, बाय?"

दर वर्षी विचारते. दर वर्षी आम्ही दोघी हसतो. पण काल माझ्या डोक्यात लिफ्टमधला तो कागद होता, आणि माझं वय झालंय, आणि तिचंही. मी तांब्या खाली ठेवला.

"सोमे, त्या दिवशी दारात मी डब्यावर पाणी शिंपडलं होतं. का शिंपडलं, ते तुला कळलं होतं का गं?"

तिनं चहाचा घोट घेतला. "कळलं व्हतं."

"मग? इतकी वर्षं आलीस कशी?"

"तुझा देव माझ्या घरी राहून गेला हाय. त्याला बघाया नको?" मग बशी पुसल्यासारखी चाटून म्हणाली, "नि तुझी चाय बरी असते."

मला हसू येईना. "देवाला नव्हतं गं लागलं," मी म्हटलं. "ऊन मला लागलं होतं. माझ्या डोक्याला."

सोमीनं माझ्याकडं बघितलं, त्या एका धड डोळ्यानं. बशी बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, ताम्हनापाशी सरकली, तांब्यात बोटं बुडवली आणि सपकन माझ्या तोंडावर पाणी मारलं. एकदा नाही, चांगलं तीनदा.

"आता उतरलं काय?" तिनं विचारलं.

मी तोंड पुसलं नाही.